एका कॅमेऱ्याची खंडेनवमी

"खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत रीळ लॅबमध्ये पोचलं नाही ना नाना, तर शिवदास धुरी हे नाव लावणार नाही," असं शिवदासने मुलुंडच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात ठणकावून सांगितलं. समोरच्या फळीवर तीस-चाळीस कळशा मांडल्या होत्या. प्रत्येक कळशीत त्याला स्वतःचा एकेक चेहरा दिसत होता आणि ते सगळे चेहरे मोठ्या आत्मविश्वासाने माना डोलावत होते.

नाना हे त्या दुकानाचे मालक. दोन पिढ्या भांडी विकून झाल्यावर त्यांना टीव्हीसाठी मालिका काढायची हुक्की आली होती. तेरा भागांची रहस्यमालिका, नाव 'सावलीचा वाटेकरी'. पहिला भाग तयार होता. भांडुपला दंतमंजनाचा कारखाना चालवणाऱ्या रत्नप्रभाबाई मालिकेला आपलं नाव आणि पैसा द्यायला निम्म्या तयार झाल्या होत्या. उरलेल्या निम्म्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला भाग बघून होणार होत्या. अडलं होतं ते सुरुवातीच्या शीर्षकांपाशी.

"पाटीवर नावं रंगवून आणलीस तरी चालेल रे," नाना म्हणाले होते. "सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच करायचं नाही. आपली अक्षरं चालतील, नाना. काळोखातून एकेक काडी सरपटत येईल, दुसरीला भेटेल आणि बघता बघता अक्षर उभं राहील."

"आपोआप?"

"मी सरकवणार. एक काडी केसभर सरकवायची, हात काढून घ्यायचा, कॅमेऱ्याने एकच चित्र घ्यायचं. परत सरकवायची, परत एक चित्र. अशी चोवीस चित्रं झाली की एक सेकंद."

नानांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला, दमून सोडून दिला आणि "सगळ्यात शेवटी तुझं नाव टाक बरं का," एवढं म्हणाले. शिवदास तरंगतच बाहेर पडला. दहा वर्षं त्याने अंधेरीतल्या एका स्टुडिओत दुसऱ्यांची नावं रंगवली होती. नट, नटी, त्यांचा मेकअपवाला, सगळ्यांची. स्वतःचं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती.

नावाचा आनंद होताच, पण त्याहून मोठी गोष्ट घरी अडकली होती. घर म्हणजे घाटकोपरला भटवाडीतली एक खोली. त्या खोलीत शिवदास, त्याची बायको जया आणि त्याचे वडील धोंडू धुरी राहत. आणि चार महिन्यांपासून तो कॅमेरा. एका लग्नाच्या फिल्म काढणाऱ्याकडून शिवदासने तो जुना घेतला होता. लाकडी घोडीला उलटा टांगलेला, खाली टेबलाकडे रोखून बघणारा, घड्याळासारखी चावी देऊन चालणारा. स्टुडिओतली नोकरी सोडून शिवदास आता त्याच्याच जिवावर उभा होता.

बाबांना हे साफ नामंजूर होतं. त्यांनी एकतीस वर्षं गिरणीच्या लूम खात्यात काढली होती. एका वेळी चार माग सांभाळले होते. मग संप झाला, दोन वर्षं झाली तरी त्या संपाचं काय झालं हे कोणी सांगेना, आणि बाबा गॅलरीत स्टुलावर येऊन बसले. तिथून त्यांना आपला मुलगा दिसे. तो काळे पडदे लावून, आगपेटीच्या काड्या चिमट्याने हलवत दिवसभर टेबलावर वाकलेला असे.

"किती झाला आज?" ते संध्याकाळी विचारत. हा प्रश्न ते गिरणीत कापडाबद्दल विचारत असत.

"नऊ सेकंद."

"सकाळपासून?"

"आज चांगलं झालं, बाबा."

"नऊ सेकंदात माझी तंबाखूपण मळान होणा नाय," बाबा म्हणत. "आणि आवाज कसलो तो नाय. आवाज नाय त्या यंत्राक यंत्र कोण म्हणतलो?"

गाववाल्या दादूला सांगून बाबांनी कुर्ल्याच्या एका कारखान्यात शिवदाससाठी टाइमकीपरची जागा बघून ठेवली होती. बाप-लेकात करार झाला होता. नानांचं हे काम पास झालं तर शिवदासने कॅमेरा ठेवावा. नाहीतर कॅमेरा विकून येत्या सोमवारी सातच्या ठोक्याला कुर्ल्याच्या गेटवर उभं राहावं. शिवदासने हे मान्य केलं, कारण आपण हरू असं त्याला स्वप्नातही वाटत नव्हतं.

आणि काम खरोखर सुरेख होत होतं. काळ्या कागदावर काड्या, त्यांच्यावर काच, दोन बाजूंनी दोन दिवे. काड्यांच्या सावल्या लांब होत, आखडत, एकमेकींत शिरत आणि त्यातून नावं उमटत. खोलीत पंखा बंद, खिडकी बंद. जया स्वयंपाक गॅलरीत करी आणि शिंक आली की जिना उतरून खाली जाऊन देई. तिने चार दिवस एका शब्दाने तक्रार केली नाही. पाचव्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, "अहो, खुनाच्याच मालिकेचं आहे ना हे? नाही, म्हटलं आता मलाही सुचायला लागलंय."

खंडेनवमी उजाडली तेव्हा शेवटची नऊ सेकंद उरली होती. 'शीर्षके' हा शब्द आणि त्याखाली शिवदासचं नाव. कॅमेऱ्यात फिल्मही बरोबर तेवढीच शिल्लक होती. शिवदासने हात चोळले, दिवे लावले आणि त्यातला एक फट्कन उडाला.

तसला दिवा घाटकोपरला मिळत नाही. शिवदासने सदरा चढवला. "मी अंधेरीला जाऊन येतो. टेबलाला कोणीही हात लावायचा नाही. बाबा, ऐकलंत ना? टेबलाला हात लावायचा नाही."

"कित्याक लावतलंय?" बाबा गॅलरीतून म्हणाले.

बसच्या पुढच्या काचेवर झेंडूचा हार होता. वाटेतल्या गॅरेजात पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं. शिंप्याच्या कात्रीला टिळा, इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीला टिळा. अंधेरीच्या दुकानात तर मालक वजनकाट्याला ओवाळत होता. पूजा आटोपून प्रसाद वाटेपर्यंत त्याने दिवा द्यायचं नाकारलं. शिवदास तासभर तिथे उभा राहिला, पेढा खाल्ला, सगळीकडे अवजारांची पूजा चालली आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही त्याच्या डोक्यात घरचा विचार आला नाही. असली माणसं फार बारीक काम करतात, त्यांना मोठ्या गोष्टी दिसत नाहीत.

तो परतला तेव्हा जिन्यातच त्याला उदबत्तीचा वास आला. जया नुकतीच बाजारातून आपट्याची पानं घेऊन आली होती आणि दारातच पिशवी धरून थिजल्यासारखी उभी होती. तिच्या खांद्यावरून शिवदासने आत पाहिलं.

कॅमेऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. अंगावर हळदकुंकवाची पाच बोटं. घोडीच्या चारही पायांना टिळे. समोर नारळ फोडलेला, निरांजन तेवत असलेलं. कॅमेऱ्याचा पत्रा असा लखलखत होता की नानांच्या दुकानात ठेवला असता तर कोणी कळशी म्हणून उचलून नेला असता. शेजारी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली होती, ती अर्धी झाली होती. आणि बाबा धुतलेलं धोतर नेसून हात जोडून उभे होते.

"बाबा," शिवदासच्या तोंडून कसाबसा शब्द आला. "हात लावायचा नाही म्हटलं होतं."

"टेबलाक लावलेलो नाय," बाबा म्हणाले. "यंत्राक लावलंय."

ते खरं होतं. काडी एकही हलली नव्हती. शिवदासने धावत जाऊन कॅमेऱ्यावरचा फिल्मचा काटा बघितला. काटा शून्यावर होता.

"तुम्ही चालवलात?"

"तेल घातल्यार चलवन बगूक नको?" बाबांचा चेहरा उजळला. असा उजळलेला शिवदासने तो दोन वर्षांत पाहिला नव्हता. "ती बाजूची कळ दाबलंय, तर खर्रर्र करून सुरू. केवडो गोड आवाज हा रे तेचो. इतके दिवस लपवन ठेवलंस. मग तसोच चलत ठेवून आरती केलंय. आरती संपली आणि आपणच थांबला."

ते चावी संपल्यामुळे थांबलं होतं. त्याआधी उरलेली सगळी फिल्म खाऊन थांबलं होतं. नवी फिल्म आणायची तर दुकानं आता दसऱ्यानंतर उघडणार होती.  ओरडावं असं शिवदासला फार वाटत होतं. जयाने ते ओळखलं आणि त्याला ओढून गॅलरीत नेलं.

"तुम्ही काय तो राग नंतर करा," ती हळूच म्हणाली. "पण एक सांगते. लोक अवजाराची पूजा करतात. खेळण्याची कोणी करत नाही."

शिवदास बाबांच्या स्टुलावर टेकला. चार महिने त्याला बाबांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता आणि तो शब्द बाबांनी हळदकुंकू लावून, नारळ फोडून सांगितला होता. त्याला आनंद झाला. फिल्म गेल्याचं दुःखही त्यात होतंच, किती कशाचं होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

मग त्याने विचार केला. आधीचा मिनिटभराचा भाग तर शाबूत होता. शेवटी काय आलं असेल ते असो, कात्रीने कापून टाकलं की झालं. आपलं नाव येणार नाही, नाही तर नाही. आत्ता रीळ काढून लॅबमध्ये दिलं की परवा दुपारी मिळेल. तो उठला आणि त्याने कॅमेऱ्याला हात घातला.

"थांब," बाबा म्हणाले. "पूजा झाली हा. आज यंत्र चलवचा नाय. उद्या हार उतरवलो की काय ता कर."

"बाबा, चालवत नाही, नुसतं उघडतोय."

"पूजेतल्या यंत्राक हात लावचो नाय. एकतीस वर्सांत आमच्या खात्यात कोणी लावूक नाय. म्यानेजरान पण नाय."

शिवदासने विनवलं, समजावलं, घड्याळ दाखवलं. पाच वाजता लॅब बंद होणार होती. बाबा दारात आडवे उभे राहिले. शेवटी जयाने पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"बाबा, गिरणीत खंडेनवमीच्या आदल्या रात्री मागावर कापड पुरं झालेलं असेल, तर ते काय करायचात?"

"तागो उतरवन घेव."

"पूजा झाली तरी?"

"माग चलवचो नाय. तयार तागो उतरूक काय हरकत?"

"मग ह्यांचाही तागा तयार झालाय," जया म्हणाली. "तेवढा उतरू दे."

बाबांनी नियमात कुठे फट आहे का ते चारही बाजूंनी तपासलं. मग बाजूला झाले, आणि शिवदास फिल्म काढत असताना "सांबाळून, तागो फाटात" असं तीनदा म्हणाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंधेरीच्या एका छोट्या हॉलमध्ये खेळ ठेवला होता. शिवदास खिशात कात्री आणि फिल्म चिकटवायची बाटली घेऊन तासभर आधी पोचला. बरोबर बाबा होते. "पयलो तागो मी बगूक होयो," म्हणून ते काळा कोट घालून आले होते. लॅबमधून रीळ ताब्यात घ्यायचं, शेवट कापायचा आणि मग नानांकडे द्यायचं, असा शिवदासचा बेत होता.

पण नाना त्याच्याही आधी लॅबमध्ये जाऊन आले होते.

"चढवलं पण मशीनवर," नाना उत्साहाने म्हणाले. "म्हटलं तुला कशाला त्रास. बस, बस, बाई आल्यात."

"नाना, फक्त दोन मिनिटं द्या मला. शेवटी थोडं कापायचंय."

"आता काही कापायचं नाही. बाईंना थांबायला आवडत नाही."

रत्नप्रभाबाई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. साठीच्या, नऊवारी, मांडीवर पर्स. त्यांनी मागे वळून एकदा सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू सगळ्यांचे दात तपासले. दिवे गेले. शिवदास कात्री घट्ट धरून शेवटच्या रांगेत बसला.

पडद्यावर काळोख आला आणि काळोखातून एक काडी सरपटत निघाली. हॉलमध्ये कोणी खाकरलंसुद्धा नाही. सावल्या लांबल्या, वळल्या, एकमेकींना गिळत गेल्या आणि 'सावलीचा वाटेकरी' ही अक्षरं अंगावर आल्यासारखी उभी राहिली. नाना खुर्चीत मागे सरकले. बाईंनी पर्स छातीशी धरली. कलाकारांची नावं आली, विरली. शिवदासला स्वतःलाच भीती वाटली, इतकं ते छान झालं होतं.

मग पडद्यावर नुसती काळी चौकट राहिली. शिवदासने डोळे मिटले. ते मिटून ठेवणं त्याला जमलं नाही.

काळ्या कागदावर एक झेंडूचं फूल पडलं. मग दुसरं. मग पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक प्रचंड हात आला, त्याच्या बोटाला हळद होती. हात गेला आणि एक चकचकीत गोल वस्तू वर आली. ते टक्कल होतं. ते वर वळलं, आणि पडदाभर एक चेहरा कॅमेऱ्यात डोकावू लागला, एक डोळा मिटलेला, दुसरा टेबलाएवढा. ओठ हलत होते. खालून निरांजनाचा उजेड फिरत होता, त्यामुळे नाकाची सावली कपाळावर चढत होती, उतरत होती. शेवटी दोन हात जुळले आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. नानांचा चेहराही पडद्यासारखाच झाला होता.

"हा कोण?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

नाना व्यापारी माणूस. गिऱ्हाइकासमोर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "हा ना," ते म्हणाले, "हा खुनी."

बाईंनी पर्स परत मांडीवर ठेवली. "खुनी पहिल्याच मिनिटाला दाखवलात, तर लोक तेरा भाग कशाला बघतील?"

नाना शिवदासकडे वळले. पण शेवटच्या रांगेतून कोट सावरत कोणीतरी उठलं. शिवदासने बाबांचा कोट धरून ओढला, तो त्याच्या हातातून निसटला.

"बाई," बाबा म्हणाले, "मी खून करूक नाय. मी पूजा करी होतंय."

बाईंनी वळून पडद्यावरचा चेहरा आणि हा चेहरा मनातल्या मनात ताडून पाहिला. "तुम्ही?"

"धोंडू धुरी, लूम खाता. ह्यो माझो झील शिवदास. ता तेचा यंत्र. यंदाची तेची पयलीच खंडेनवमी. तेल-पाणी केलंय, आरती केलंय, त्यात मीच आत गेलंय. चूक माझी. झिलाची नाय." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "पोरगो सकाळपासून सांजवेळपर्यंत वाकान काम करता. नऊ सेकंद होतत. पण काम करता."

शिवदास मान खाली घालून कात्रीकडे बघत राहिला, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांना त्याचे डोळे दिसले असते.

"पूजेनंतर यंत्र चालवलंत?" बाईंनी कारखानदाराच्या आवाजात विचारलं.

"नाय. ह्यो चलवूक बगी होतो. मी चलवूक दिलंय नाय."

"बरोबर केलंत. माझ्याकडे डबे भरायचं मशीन आहे. गेल्या वर्षी मॅनेजरने पूजेनंतर तासभर चालवलं, तर झाकणं उलटी बसली." बाई उठल्या. "नाना, सुरुवात चांगली आहे. मला भीती वाटली, मी सहसा भीत नाही. शेवट तेवढा आठ दिवसांत नीट करून घ्या. ह्या मुलाकडूनच. आणि ह्यांना त्यातून काढा, चेहरा सज्जन आहे, लोकांचा गैरसमज होईल."

कॅमेरा राहिला. कुर्ल्याची जागा दादूच्या भाच्याला मिळाली. घरी जाताना शिवदास इतका खुशीत होता की बसमध्ये त्याने बाबांना खिडकीची जागा देऊन शिवाय तंबाखूही मळून दिली.

सोमवारी सकाळी सात वाजता गजराचं घड्याळ त्याच्या कानापाशी केकाटलं. बाबा कोट घालून उशाशी उभे होते. हातात शंभर पानी वही होती, तिच्यात पट्टीने रकाने आखले होते.

"आठ दिवसांची मुदत हा," बाबा म्हणाले. "असा घरगुती चललेला भागाचा नाय. टायम लावूक होयो. सात वाजून तीन मिंटा झाली."

"बाबा, मी अजून अंघोळ केली नाही."

"आंघोळ घरच्या टायमात."

"मी घरीच आहे ना."

"पडद्याच्या ह्या बाजूक घर," बाबा म्हणाले. "त्या बाजूक खाता."

त्या आठवड्यात शिवदासने नवी फिल्म आणून शेवट वीस सेकंदांचा केला आणि ती अक्षरं दोन दिवसांत पुरी केली. इतकं भराभर काम त्याने जन्मात केलं नव्हतं. दर तासाला बाबा पडद्याआडून "किती झाला?" विचारत आणि "दीड सेकंद" म्हटलं की समाधानाने वहीत लिहीत. तंबाखूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी ते स्वतः कॅमेरा पुसत, तेल मात्र शिवदासने कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा डुलकी घेत असताना जयाने ती वही उघडली. पहिल्या ओळीत शिवदासचं नाव होतं, पुढे काम संपल्यानंतरच्या दिवसांचे दोन खाडे. दुसऱ्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं: जया शिवदास धुरी, बदली कामगार. मंगळवारी ती माहेरी जाऊन आली होती, त्याचाही खाडा मांडला होता.

जयाने वही मिटली, जागच्या जागी ठेवली आणि स्टोव्ह विझवला. त्या दिवशी दुपारचा चहा झाला नाही. खात्यात संप झाला, आणि एकतीस वर्षं गिरणीत काढलेल्या धोंडू धुरींनी अर्ध्या तासात कामगारांच्या सगळ्या मागण्या मान्य केल्या.